ग्रंथ आणि चित्रपट

गेल्या सहामाही परीक्षेंत नववीच्या वर्गास आम्हीं 'श्यामची आई' या विषयावर पंधरा-वीस ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. सानेगुरुजींचें हें पुस्तक शाळेच्या ग्रंथालयांत आहे, आणि त्यांतील दोन प्रकरणें आम्हीं स्वतः वर्गांत वाचून दाखविलीं होतीं. उत्तरपत्रिका तपाशीत असतां एका हुशार मुलाच्या लेखापाशीं आम्ही थबकलों. अक्षर सुरेख, भाषा शुद्ध. श्यामच्या आईचे विशाल डोळे, रेखीव नाक, कपाळावरील कुंकू आणि बोलण्यांतील आर्जव यांचें त्यानें असें हुबेहूब वर्णन केलें होतें कीं, ती माउली जणूं समोर येऊन बसावी. परंतु त्या पुस्तकाच्या पानोपानीं आईचे हात आहेत, तिचे कष्ट आहेत, तिचे बोल आणि तिचे अश्रु आहेत; नाकडोळ्यांचें असें रेखाचित्र आम्हांस त्यांत कधीं आढळलें नव्हतें. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. आचार्य प्र. के. अत्रे यांनीं १९५३ सालीं या पुस्तकावरून चित्रपट काढला, त्यांत आईची भूमिका वनमालाबाईंनीं केली होती. मुलानें वर्णन केलें होतें तें त्यांचें.

आम्हीं त्यास बोलावून विचारलें, "पुस्तक वाचलेंस काय?" त्यानें मान खालीं घातली. "नाहीं, सर. चित्रपट तीनदां पाहिला आहे. पण दोन्ही एकच ना?"

मुलानें हा प्रश्न कांहीं उद्धटपणानें विचारला नव्हता. त्यास खरोखरच तसें वाटत होतें. आणि आम्हांस वाटतें कीं, आज पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांसहि तसेंच वाटतें. दोन्ही एकच असतील, तर ग्रंथालयांतील कपाटांस कुलूप घालावें हें बरें. एक नसतील, तर मग ग्रंथांवरून चित्रपट करावेतच कशाला? पुढें शाळेच्या वक्तृत्वमंडळांत हाच विषय वादास घेतला होता. त्या वेळीं दोन्ही पक्षांकडून जें बोललें गेलें, त्यांत आमच्या विचारांची भर घालून हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, एका साधनांतील कथा दुसऱ्या साधनांत नेणें ही कांहीं चित्रपटवाल्यांची नवी युक्ति नव्हे. आमच्या महाराष्ट्रांत कीर्तनकार उभा राहून पुराणांतील आख्यान लावीत असे, तेव्हां तो तरी काय करी? पोथींतील मजकूर तो गाण्यांत, हावभावांत आणि विनोदांत उतरवी. लांबलेलें गाळी, आटोपलेलें फुलवी, आणि श्रोत्यांचे चेहरे पाहून मध्येंच एखादा चालू काळांतील दाखला जोडून देई. तमाशांतील वग, दशावतार आणि संगीत नाटक यांचाहि मार्ग हाच.

आम्हां ख्रिस्ती लोकांस तर याविषयीं नाक मुरडण्याचा मुळींच अधिकार नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनें गोमंतकांत राहून आपल्या मराठी भाषेंत 'क्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत पवित्र शास्त्रांतील कथा सुमारें अकरा हजार ओंव्यांत आली आहे. मूळ शास्त्र ओंवीबद्ध नव्हतें. परंतु ज्या लोकांपुढें तें न्यावयाचें त्यांच्या कानांस पुराणाची चाल परिचित होती. म्हणून त्या विद्वान धर्मगुरूनें कथेस या देशाचा पोशाख दिला. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतलें. १९१९ सालीं ते निवर्तल्यावर तें अपुरें राहिलेलें काव्य लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. हींहि रूपांतरेंच होत, आणि त्यांबद्दल आम्ही देवाचे आभार मानतों.

इतकेंच नव्हे, तर या देशांतील चित्रपटाच्या जन्मकथेंतहि एका ग्रंथाचें रूपांतर आहे. १९१० च्या सुमारास मुंबईंत धुंडिराज गोविंद फाळके यांनीं प्रभु ख्रिस्ताच्या चरित्राचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असतां, आपल्या पुराणांतील राम आणि कृष्ण असे पडद्यावर केव्हां दिसतील, हा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला. त्यांनीं आपली सर्व पुंजी व पत्नीचे दागिनेहि या उद्योगांत घातले, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. शुभवर्तमानावरून केलेला एक परदेशी चित्रपट पाहून एका मराठी ब्राह्मणास हरिश्चंद्राख्यान पडद्यावर आणण्याची स्फूर्ति व्हावी, हा योग आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

तेव्हां ग्रंथांवरून चित्रपट करावेत कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर काळानें देऊनच टाकलें आहे. ते झाले, होत आहेत आणि पुढेंहि होतील. विचार करावयाचा तो असा कीं, या फेरफारांत काय मिळतें, काय गमावतें, आणि रूपांतर चांगलें कोणतें व वाईट कोणतें.

ग्रंथाचें द्रव्य शब्द, आणि चित्रपटाचें द्रव्य दृश्य व ध्वनि. शब्द हें बीज आहे. तें वाचकाच्या मनांत रुजतें आणि त्या मनाची जी माती असेल तिच्या रसानें वाढतें. 'आई' हा शब्द शंभर वाचकांनीं वाचला तर शंभर आया उभ्या राहतात. चित्र हें फळ आहे. तें तयार होऊनच हातीं येतें, आणि सर्वांच्या हातीं एकच येतें. फळ वाईट असें कोण म्हणेल? भुकेल्यास तें तात्काळ उपयोगी पडतें. परंतु ज्यानें फळ खाल्लें त्यानें झाड लावलें असें मात्र होत नाहीं.

दुसरा भेद वेळेचा. ग्रंथ वाचणारा आपल्या चालीनें चालतो. वाटल्यास थांबतो, मागें वळतो, एखादें वाक्य दोनदां वाचतो, पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत बसतो. चित्रपट मात्र आपल्यासाठीं थांबत नाहीं. 'श्यामची आई' या पुस्तकांत ४२ रात्री आहेत. वयानें मोठा झालेला श्याम आश्रमांतील आपल्या सोबत्यांस रोज रात्रीं आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. एक रात्र वाचावी आणि पुस्तक मिटून निजावें, असाच तो ग्रंथ आहे. त्या ४२ रात्री सुमारें अडीच तासांत बसवावयाच्या म्हणजे पुष्कळ रात्री गाळल्याच पाहिजेत, आणि ज्या राहिल्या त्यांची लांबी कातरली पाहिजे. याला दिग्दर्शकाचा अपराध म्हणतां येणार नाहीं. तो त्या साधनाचा धर्मच आहे.

तिसरा भेद अंतःकरणाचा. लेखक पात्राच्या मनांत शिरूं शकतो. 'अळणी भाजी' हें प्रकरण घ्या. आई भाजींत मीठ घालावयास विसरते. वडील मिठाविषयीं एक शब्दहि न काढतां जेवतात, मुलेंहि जेवतात. आई स्वतः पानावर बसते तेव्हां तिला आपली चूक कळते. कृति म्हणून पाहिलें तर येथें कांहींच घडत नाहीं. कोणी ओरडत नाहीं, कोणी रडत नाहीं. सर्व महत्त्वाची गोष्ट न बोललेल्या शब्दांत आहे. आणि ती न बोललेली गोष्ट प्रौढ श्याम आपल्याला सांगतो, म्हणून तिचें मोल कळतें. लहानपणीं ज्याचा अर्थ त्याला कळला नव्हता, तो मोठेपणीं कळला. या दोन वयांमधील अंतर हेंच त्या पुस्तकाचें हृदय आहे. पडद्यावर मूल दिसतें तें मूलच असतें. त्याच्या पाठीशीं उभा असलेला पश्चात्तापी प्रौढ माणूस दाखवावयाचा तर दिग्दर्शकास वेगळी योजना करावी लागते. २०२३ सालीं सुजय डहाके यांनीं याच ग्रंथावर नवा चित्रपट केला. त्यांत सानेगुरुजींसच पडद्यावर आणलें आहे आणि चित्रें काळीं-पांढरीं ठेविलीं आहेत. सत्तर वर्षांच्या अंतरानें दोन दिग्दर्शकांनीं एकाच ग्रंथाशीं झटापट करावी, यावरूनच ग्रंथ अजून पुरता हातीं लागलेला नाहीं हें उघड होतें.

आतां दुसरी बाजूहि पाहूं. श्याम पोहावयास भितो, लपून बसतो, आणि आई हातांत शिंपटी घेऊन त्यास बाहेर काढते, हा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. पुस्तकांत तो वाचतांना आपण आईच्या कठोरपणाचें कारण समजून घेत वाचतों. चित्रपटांत मात्र तोच प्रसंग अंगावर येतो. मुलाचें किंचाळणें कानांवर पडतें, मारणाऱ्या हाताचें थरथरणें डोळ्यांस दिसतें. एकाच हातानें मारावें आणि त्याच हातानें पाठीवरून फिरावें, हें शब्दांनीं सांगावयास चार वाक्यें लागतात. पडद्यावर तें एका क्षणांत होतें. कोंकणांतील अंगण, विहीर, गवताचें छप्पर, चुलीचा धूर या गोष्टी ज्या शहरी मुलानें कधीं पाहिल्या नाहींत, त्यास पुस्तकांतील कित्येक शब्द निर्जीव वाटतात. चित्रपट त्यांत प्राण ओततो. शिवाय ज्यास वाचतां येत नाहीं, अशा म्हाताऱ्या आजीस ग्रंथ कोण देणार? चित्रपट तिलाहि मांडीवर घेतो. १९५४ सालीं राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकें प्रथमच दिलीं गेलीं, तेव्हां सर्वोत्कृष्ट कथाचित्रपट म्हणून राष्ट्रपतींचें सुवर्णपदक अत्र्यांच्या या चित्रपटास मिळालें. मराठींतील एका साध्या पुस्तकाचें नांव त्यामुळें भारताच्या कानाकोपऱ्यांत पोंचलें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सानेगुरुजींनीं अंमळनेरच्या हायस्कुलांत सहा वर्षें शिक्षकाचें काम केलें होतें, आणि अत्रे पुण्यांत एका शाळेचे मुख्याध्यापक होते. १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत ज्यानें हें पुस्तक लिहिलें तो शिक्षक, आणि वीस वर्षांनीं ज्यानें तें पडद्यावर आणलें तोहि शिक्षक. सानेगुरुजी १९५० सालींच वारले. आपलें पुस्तक पडद्यावर कसें दिसतें हें त्यांनीं पाहिलें नाहीं. परंतु एका शिक्षकाचा माल दुसऱ्या शिक्षकानें बेइमानीनें विकला, असें त्यांचे वाचक म्हणाले नाहींत.

आतां आक्षेपांकडे वळूं. वक्तृत्वमंडळांत एका विद्यार्थ्यानें मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, चित्रपटवाले मूळ कथा बदलतात, म्हणून ते अपराधी होत. हा आक्षेप वरवर खरा वाटतो, परंतु तो कसोटीस उतरत नाहीं. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली' ही बंगाली कादंबरी १९२९ सालीं ग्रंथरूपानें निघाली, आणि तीवरून सत्यजित राय यांनीं १९५५ सालीं चित्रपट केला. कादंबरींतील दुर्गा आगगाडी पाहण्याची इच्छा मनांत ठेवूनच मरण पावते. चित्रपटांत दोघें भावंडें शुभ्र काशफुलांच्या रानांतून जात असतां दुरून आगगाडी धूर सोडीत येते. प्रसंग बदलला खरा. पण त्या गरीब मुलांचें विश्व केवढें लहान आणि त्यांची उत्कंठा केवढी मोठी, हा जो मूळ ग्रंथाचा गाभा, तो त्या दृश्यांत तंतोतंत उतरला आहे. पुढें दुर्गा मरण पावल्यावर बाप परगांवाहून परततो आणि मुलीसाठीं आणलेली साडी पुढें करतो. आई हंबरडा फोडते. त्या ठिकाणीं रायांनीं आईचा आवाजच ऐकूं दिलेला नाहीं. त्या जागीं तारशहनाईचा आर्त सूर घातला आहे. कोणत्याहि लेखकास हें शब्दांनीं करतां आलें नसतें. म्हणजे रूपांतरकारानें अक्षराशीं बेइमानी केली, परंतु आत्म्याशीं इमान राखलें. याच्या उलट, ग्रंथांतील प्रत्येक प्रसंग क्रमानें दाखवून त्याचा प्राण मात्र घेणारे चित्रपटहि पुष्कळ असतात.

कधीं कधीं तर दोन ग्रंथ एकत्र करावे लागतात. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकर यांनीं एकच पटकथा लिहिली, आणि १९७९ सालीं डॉ. जब्बार पटेल यांनीं 'सिंहासन' हा चित्रपट काढला. दोन प्रवाहांचा संगम करतांना कांहीं पाणी वाहून गेलें असेल. परंतु राज्यकारभाराच्या पडद्याआड सत्तेसाठीं माणसें कशीं वागतात हें जें लेखकास दाखवावयाचें होतें, तें पाहणाऱ्यास चुकत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रावरून विजयाबाई मेहता यांनीं दूरचित्रवाणीसाठीं चित्रपट केला आणि सुहास जोशी यांनीं लक्ष्मीबाईंची भूमिका केली. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांचें जें उत्तमोत्तम लेणें, तें अशा रीतीनें अनेक घरांतून गेलें. जीं घरें आमच्या देवळाची पायरी कधीं चढलीं नसतीं, त्यांनीं टिळक पतिपत्नींचें भांडण आणि प्रेम आपल्या दिवाणखान्यांत बसून पाहिलें.

दुसरा आक्षेप धंद्याचा. चित्रपट काढावयास फार पैसा लागतो. ज्याचा पैसा, त्याची मर्जी. आणि मर्जी राखतां राखतां ग्रंथाचा बळी जातो. या आक्षेपांत तथ्य आहे. म्हणून कायद्यानें लेखकाच्या हातीं कांहीं शस्त्र दिलें आहे. ही गोष्ट कशी घडून आली तेंहि ऐकण्याजोगें आहे. अमेरिकेंतील सेनापति ल्यू वॉलेस यांनीं १८८० सालीं 'बेन हर' ही ख्रिस्तकालीन कादंबरी लिहिली. ते १९०५ सालीं वारले. १९०७ सालीं एका चित्रपटमंडळीनें कोणाचीहि परवानगी न घेतां तीवरून एक लहानसा मूकपट काढून टाकला. वारस आणि प्रकाशक न्यायालयांत गेले. चित्रपटवाल्यांचें म्हणणें असें कीं, आम्हीं पुस्तकाची नक्कल कोठें केली? आम्हीं तर नुसतीं हलतीं चित्रें दाखविलीं! १९११ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हें म्हणणें फेटाळलें, आणि कथा पडद्यावर दाखविण्याचा हक्कहि लेखकाकडेच असतो असें ठरविलें. आपल्या देशांत १९५७ च्या कायद्यान्वयें कोणत्याहि ग्रंथाचें रूपांतर करावयाचें तर हक्कदाराची संमति घ्यावी लागते, आणि हा हक्क लेखकाच्या मरणानंतर साठ वर्षें चालतो. त्या हिशेबानें सानेगुरुजींच्या हयातींत प्रसिद्ध झालेलीं पुस्तकें २०१० साल सरल्यावर सर्वांस मोकळीं झालीं. परंतु कायदा लेखकाचा खिसा राखतो, आणि फार तर त्याचें नांव राखतो. त्याचा अर्थ राखणें हें दिग्दर्शकाच्या सदसद्विवेकबुद्धीवरच सोंपविलेलें असतें.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तोच आमच्या वर्गांत उभा राहिला होता. चित्रपट पाहिल्यावर मुलें ग्रंथ वाचीत नाहींत. आणि वाचलाच तर त्यांच्या मनांत नटनटींचे चेहरे आधींच ठाण मांडून बसलेले असतात. हा आक्षेप आम्ही उडवून लावूं इच्छीत नाहीं. एकदां मनांत शिरलेला चेहरा हुसकून लावणें कठीण आहे. धर्माच्या बाबतींत तर हा अनुभव आम्हांस नित्य येतो. चारहि शुभवर्तमानें आरंभापासून अखेरपर्यंत वाचून काढा. प्रभूचा चेहरा कसा होता, डोळे कसे होते, उंची किती होती, याविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं. तरी आमच्या रविवारच्या शाळेंतील कोणत्याहि मुलास प्रभूचें चित्र काढावयास सांगा. प्रत्येकजण तेंच लांब केसांचें आणि पांढऱ्या झग्याचें चित्र काढील. १९७८ चा तेलुगु चित्रपट 'करुणामयुडु' आणि लूकच्या शुभवर्तमानावरून केलेला १९७९ चा 'येशू' हा चित्रपट, हे दोन्ही सुवार्तेच्या कामीं गांवोगांव दाखविले गेले. दुसऱ्याचीं तर दोन हजारांहून अधिक भाषांत भाषांतरें झालीं आहेत. त्यांपासून ज्यांचें कल्याण झालें त्यांचें आम्ही अभिनंदन करतों. परंतु पवित्र लेखकांनीं जी जागा मोकळी ठेविली होती, ती एका नटाच्या चेहऱ्यानें भरली जाते, हेंहि नाकबूल करतां येत नाहीं.

मग यावर उपाय काय? उपाय चित्रपटानेंच एकदां दाखवून दिला आहे. त्याच 'बेन हर' कादंबरीवरून १९५९ सालीं जो भव्य चित्रपट झाला आणि ज्यास अकरा ऑस्कर पारितोषिकें मिळालीं, त्यांत प्रभु ख्रिस्त येतो. पण त्याचा चेहरा एकदांहि दाखविलेला नाहीं. बेड्या घातलेला तहानेला बंदिवान नासरेथांत कोसळतो. कोणीतरी त्याच्या मुखीं पाणी घालतो. रोमी अधिकारी दरडावीत पुढें येतो, पाणी देणाराकडे पाहतो, आणि पाहतां पाहतां त्याचा हात खालीं येतो; तो मागें सरतो. आपल्याला दिसते ती पाणी देणाराची पाठ, आणि दिसतो तो पाहणाराचा चेहरा. त्या अधिकाऱ्यानें काय पाहिलें तें ज्यानें त्यानें आपल्या मनांत पाहावें. ज्या दिग्दर्शकास कोठें थांबावें हें कळतें, तो ग्रंथाची बरोबरी करतो. म्हणून रूपांतराची कसोटी आमच्या मतें अशी: तें पाहिल्यावर पाहणाराच्या मनास करावयास कांहीं काम उरतें काय? उरत असेल तर तें चांगलें. सर्वच तयार करून वाढलें असेल आणि नुसतें गिळावयाचें राहिलें असेल, तर तें कितीहि खर्चाचें असो, हलकेंच होय.

परंतु हें कर्तव्य एकट्या दिग्दर्शकाचें नव्हे. त्याचा अर्धा वांटा आपला आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांस आम्ही चित्रपट पाहूं नका असें सांगणार नाहीं. तसें सांगणारे पुष्कळ शिक्षक आम्हीं आमच्या विद्यार्थिदशेंत पाहिले. त्यांच्या सांगण्यानें चित्रपटगृहें ओस पडलीं नाहींत, आणि आज तर चित्रपटगृह प्रत्येकाच्या खिशांत येऊन बसलें आहे. आमचें सांगणें एवढेंच कीं, शक्य असेल तेथें ग्रंथ आधीं वाचावा आणि चित्रपट मागून पाहावा. म्हणजे तुमच्या मनांतील चेहरा आणि पडद्यावरील चेहरा यांची गांठ पडेल व दोघांत वाद होईल. तो वाद फार उपयोगी आहे. चित्रपट आधीं पाहिला असेल तर ग्रंथ अवश्य वाचावा, आणि वाचतांना स्वतःस तीन प्रश्न विचारावे. चित्रपटानें काय गाळलें? कां गाळलें? आणि लेखकानें जें सांगितलें नव्हतें असें काय घातलें? ज्यास या तीन प्रश्नांचीं उत्तरें देतां आलीं, त्यास ग्रंथहि समजला आणि चित्रपटहि समजला असें आम्ही म्हणूं.

आतां त्या मुलाची हकीकत सांगून लेख आटोपतों. त्यास आम्हीं रागें भरलों नाहीं; गुण मात्र निम्मेच दिले, आणि ग्रंथालयांतून 'श्यामची आई' काढून त्याच्या हातीं ठेविली. एका रात्रीं एकच प्रकरण वाचावयाचें, अशी अट घातली. ती त्यानें पाळली असें वाटतें, कारण पुस्तक परत यावयास दीड महिना लागला. पुस्तक टेबलावर ठेवून तो जाईना. घुटमळत उभा राहिला. आम्हीं विचारलें, "कां रे? दोन्ही एकच होतीं काय?"

तो म्हणाला, "नाहीं, सर. आधींआधीं ती चित्रपटांतली आईच दिसत होती. मग कुठेंतरी मध्येंच ती गेली. पुढें सगळीकडे आमची आजीच दिसायला लागली. ती गांवाला एकटी असते."

आम्हीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. त्या दिवशीं शुक्रवार होता. सोमवारीं तो वर्गांत आला तेव्हां त्याच्या दप्तरावर तांबड्या मातीचे डाग होते, आणि मधल्या सुट्टींत त्यानें मित्रांस आजीच्या हातचे पोहे वांटले. राहिलेले निम्मे गुण त्यास कसे द्यावे, हा प्रश्न आमच्यापुढें अजून आहे.